सांगलीची नभोवाणी आणि आम्ही आष्टेकर

आष्ट्याच्या शिवारात उसाला पाणी पाजणाऱ्याच्या खांद्याला ट्रान्झिस्टर लटकलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. त्या पेटीतून काय वाजावे, हे मात्र दिल्लीत ठरे!

1952 साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटगीतांवर गदा आली. रसिकांनी काटा सरळ सिलोनकडे वळविला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ काढावी लागली. पुढे 6 ऑक्टोबर 1963 रोजी सांगलीत आकाशवाणी केंद्र उघडले, आणि शेतीचा सल्ला आमच्या माजघरापर्यंत आला.

मध्यम लहरी जमिनीला बिलगून दूरवर जातात. एफएमचा आवाज निर्मळ खरा, पण धाव थोडी. 1977 साली मद्रासला त्याचा श्रीगणेशा झाला; 2001 मध्ये खासगी केंद्रे निघाली. तेव्हा परवानाशुल्क दरसाल वाढत असे, त्यामुळे धंदा परवडेना. 2005 च्या धोरणाने मिळकतीतला सुमारे 4 टक्के वाटा ठरविला, तेव्हा कोठे सांगलीसारख्या गावांचे नशीब उघडले. 91.1 वर ‘रेडिओ सिटी’ बोलू लागली.

गाणी आली, थट्टामस्करी आली. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र त्या धोरणाने दिली नाही. वाचकहो, मला सल आहे तो हाच. 2005 आणि 2019 साली कृष्णेला महापूर आला. अशा रात्री वीज जाते, रस्ते बुडतात. तेव्हा पाणी कुठवर चढले, हे सांगणारा जवळचा आवाज शंभर गाण्यांहून मोलाचा असतो!