अर्थ सांगण्याचा अधिकार

सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला. त्याची शालेय पुस्तकांतील हकीकत आपल्या ओळखीची आहे. पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात होती, मार्टिन ल्यूथर या जर्मन संन्याशाने त्याविरुद्ध १५१७ मध्ये पंचाण्णव विधाने मांडली, आणि पुढे फूट पडली. हकीकत खरी, पण अपुरी. त्या पत्रांचा व्यापार पुढे खुद्द रोमनेच बंद केला, तरी फूट मिटली नाही. वादाच्या तळाशी असलेला प्रश्न निराळा होता, आणि श्रुती, स्मृती, भाष्य हे शब्द ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तो लगेच ओळखू येईल. तो प्रामाण्याचा प्रश्न होता. बायबल प्रमाण, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. मात्र बायबलाचा अर्थ ठरवायचा कोणी?

१५१९ च्या उन्हाळ्यात लाइपझिग येथे ल्यूथर आणि योहान एक्क यांचा जाहीर वाद झाला, तेव्हा हा प्रश्न उघड्यावर आला. एक्क मुरलेला वादपटू होता. त्याने डाव टाकला: तुमची मते यान हुसच्या मतांसारखी आहेत. हुसला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने पाखंडी ठरवून १४१५ मध्ये जिवंत जाळले होते. ल्यूथरने आधी आढेवेढे घेतले; मग म्हणाला की हुसची काही वचने खरोखर ख्रिस्ती आहेत. याचा अर्थ, धर्मपरिषदही चुकू शकते. तोवर पोपशी भांडणारा माणूस धर्मपरिषदेकडे दाद मागत असे. ल्यूथरने तेही दार लावून घेतले. उरला फक्त ग्रंथ. दोन वर्षांनी वर्म्स येथे सम्राटासमोर त्याने हीच भूमिका घेतली, आणि १५२२ मध्ये नव्या कराराचे आपले जर्मन भाषांतर छापून सामान्य माणसाच्या हाती दिले.

त्याच लाइपझिगच्या वादातील दुसरी एक चकमक अधिक बोधक आहे. मृतांसाठी प्रार्थना करावी, याला एक्कने मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार दिला. ल्यूथर म्हणाला, ते पुस्तक प्रमाणग्रंथांत मोडत नाही. त्यावरून सिद्धांत ठरवता येणार नाही. येथे कॅथलिक पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा पुढे येतो. कोणती पुस्तके बायबलात धरावीत याची यादी बायबलात कुठेच नाही. ती चर्चने शतकानुशतके वाचून, पारखून ठरवली. ज्याला ग्रंथ हवा त्याला ग्रंथ ठरवणारी परंपरा नाकारता कशी येईल? यावर प्रॉटेस्टंटांचे उत्तर असे की, सराफाने सोने कसाला लावले म्हणून सोन्याचे सोनेपण सराफाने निर्माण केले असे होत नाही. चर्चने ग्रंथ ओळखला. चर्च ग्रंथाहून थोर ठरले नाही. वाचकहो, दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी नेटके आहेत, म्हणूनच हा वाद नुसत्या तर्काने सुटला नाही.

प्रत्येक उत्तराची किंमतही द्यावी लागली. प्रॉटेस्टंटांना ती लवकर द्यावी लागली. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पोप दोघांनाही नको होता, ग्रंथ दोघांनाही शिरोधार्य होता. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पण अखेरच्या भोजनातील ‘हे माझे शरीर आहे’ या ख्रिस्तवचनावर गाडे अडले. ल्यूथरने ते शब्द खडूने मेजावर लिहून ठेवले आणि शब्दशः अर्थाचा आग्रह धरला. झ्विंग्लीच्या मते त्या ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा होता. निवाडा करणारा तिसरा कोणी नव्हता. दोघे आपापल्या वाटेने गेले.

कॅथलिकांनी उलट टोकाची तटबंदी केली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ठरवले की ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली अलिखित परंपरा यांचा सारख्याच भक्तिभावाने स्वीकार करावा. मक्काबींची पुस्तके प्रमाण मानावीत. व्हल्गेट हे लॅटिन बायबल अधिकृत धरावे. आणि चर्चला मान्य असलेल्या अर्थाविरुद्ध कोणी आपल्या मताने अर्थ लावू नये. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमांनुसार देशी भाषेतील बायबल वाचायला बिशपची किंवा इन्क्विझिटरची लेखी परवानगी लागू लागली. एकी टिकली, पण ग्रंथ सामान्य भाविकाच्या हातून दूर गेला.

हा वाद आपल्या भाषेपर्यंत आला, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो. प्रॉटेस्टंट राजवटीतील इंग्लंड सोडून रोममध्ये जेझुइट झालेला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. १५६० पासून तेथे इन्क्विझिशन होते. त्याने मराठीत बायबलाचे भाषांतर केले नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ट्रेंटनंतरच्या काळात ही निवड स्वाभाविक होती. पुराणात सांगणारा गुरू असतो आणि ऐकणारे श्रोते. अर्थ कथेबरोबरच येतो. मराठीला त्यातून एक रसाळ काव्य लाभले. मात्र मूळ ग्रंथ श्रोत्यांच्या हाती आला नाही.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी दुसरी वाट धरली. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपला वेगळा काढला. क्रिस्तपुराणाची गोडी या गद्याला नव्हती. पण ते कोणीही एकट्याने घरी बसून वाचू शके, आणि पटले नाही तर प्रश्नही विचारू शके.

तो प्रश्न पंडिता रमाबाईंनी विचारला. १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, आपल्याला दीक्षेकडे नेणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. ग्रंथात न सापडणारी मते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या; एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याखाली मान द्यायची नाही, हा त्यांचा निर्धार होता. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अवघे बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बायबल सर्व भाविकांना मोकळे असावे असे म्हटले, पण अर्थनिर्णयाचा अधिकार चर्चकडेच ठेवला. प्रॉटेस्टंट पंथांनीही आपापली श्रद्धापत्रके आणि परंपरा उभारल्या आहेतच. अंतर घटले, प्रश्न उरला. क्रिस्तपुराण आणि रमाबाईंचे बायबल शेजारी ठेवून वाचावे, ही आपणांस विनंती. एकात कोणीतरी आपल्याला अर्थ सांगत आहे, दुसऱ्यात तो आपल्यावर सोपवला आहे. मराठीला दोन्ही मिळाले आहेत.