पाठीवरचं नाव

माझी भाची जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनला जाऊन आली. टी-शर्टच्या पाठीवर तिने आईचं नाव छापून घेतलं होतं. ओळखीपाळखीच्या लोकांकडून जमवलेले पैसे तिने कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दिले. तिची आई म्हणजे माझी अक्का. आमचं माहेर बेळगावचं. अक्काला पेडण्यात दिली, मला डिचोलीत. मोबाइलवर भाचीचा फोटो आला तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या नावाने विधान करतात, दान देतात. पळतात कशाला गं?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला इतिहास होता खरा, पण इतक्या वर्षांत तो मुलांच्या परीक्षेपुरताच कामाला आला. या वेळी मात्र मी स्वतःसाठी वाचत बसले.

वाचता वाचता पहिल्यांदा भेटला तो आमच्या बेळगावचाच माणूस, फडेप्पा चौगुले. चौगुले हे आडनाव आमच्या जैन समाजातही आहे, म्हणून उगाचच जवळीक वाटली. पहिलं महायुद्ध संपल्यावर पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव. शेतकरी घरातली पोरं अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत पळताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतलं की यांना ऑलिम्पिकला पाठवायचं. खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलून त्यांनी १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला काही धावपटू आणि दोन पैलवान पाठवले. चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत होते.

म्हणजे आपल्याकडच्या मॅरेथॉनच्या अगदी सुरुवातीला हे दोराबजी उभे आहेत. आणि मुंबईला कॅन्सरचं जे इस्पितळ आहे, ज्याला गोव्यापासून बिहारपर्यंत सगळे नुसतं 'टाटा' म्हणतात, त्याच्या सुरुवातीलाही तेच. तिथे मात्र ते दुःखातून आले.

त्यांच्या पत्नी मेहरबाई. या बाईंबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात एक ओळ नव्हती, याचं मला आता नवल वाटतं. माहेरच्या भाभा. साडी नेसून टेनिस खेळायच्या, ती पारशी पद्धतीची साडी सावरत सामने जिंकायच्या, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या टेनिसमध्ये त्यांचं नाव होतं. बालविवाहाविरुद्ध बोलायच्या, १९२९ च्या शारदा कायद्यामागे जी खटपट झाली तिच्यात त्याही होत्या. नवऱ्याने त्यांना ज्युबिली नावाचा हिरा घेऊन दिला होता, सुमारे २४५ कॅरटचा. कोहिनूरच्या दुप्पट! १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा कर्ज काढण्यासाठी नवरा-बायकोने आपली संपत्ती गहाण ठेवली, त्यात हा हिराही गेला. गळ्यातलं काढून देणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

१८ जून १९३१ ला मेहरबाई परदेशात ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. वय अवघं एक्कावन्न. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला. त्याच्या पैशाचा मोठा भाग जगभर कुठेही चाललेल्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी होता. दुःख स्वतःचं आणि पैसा जगासाठी, हे मला थोर वाटतं. आपली सर्व संपत्तीही त्यांनी दुसऱ्या ट्रस्टला लिहून दिली. मग ते पत्नीच्या समाधीला भेट द्यायला इंग्लंडला निघाले आणि वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ ला वारले. तो हिराही पुढे विकला गेला आणि त्याचे पैसे त्यांच्या ट्रस्टमध्ये आले. त्या ट्रस्टने परळला इस्पितळ बांधलं. ते २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, मेहरबाईंचे सख्खे भाचे. आत्याच्या आठवणीतलं इस्पितळ भाच्याच्या हाती आलं.

पळून पैसे जमवायची रीत मात्र बाहेरची. कॅनडाचा टेरी फॉक्स, कॅन्सरने एक पाय गेलेला पोरगा, १९८० मध्ये नकली पायावर १४३ दिवस पळाला आणि पुढच्या वर्षी बाविसाव्या वर्षी गेला. अमेरिकेत त्याच सुमारास सुझन कोमेन ही बाई स्तनाच्या कॅन्सरने गेली. तिला दिलेल्या शब्दाखातर तिच्या बहिणीने १९८२ मध्ये संस्था काढली आणि १९८३ मध्ये डॅलस शहरात पहिली धाव भरवली. मुंबईची मॅरेथॉन २००४ ची.

कोमेनच्या बहिणीशी मी थांबले. तिने बहिणीसाठी काय केलं आणि मी काय केलं?

अक्काला गाठ लागली ती तिने आठ महिने कोणाला सांगितली नाही. मग मला सांगितली. मी आणखी दोन महिने लपवली, कारण घरात लग्न ठरलं होतं आणि मुलाकडच्यांना कळलं तर काय म्हणतील ही भीती. पुढे कोकण रेल्वेने मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हाही शेजारी विचारलं की आम्ही सांगायचो, "पोटाचं आहे." दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत लांबलांबून आलेल्या बायका एकमेकींना आजार मोकळेपणी सांगत होत्या. आम्ही पेडण्यात परत आलो की पुन्हा पोटाचं.

आपल्या धर्मात चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र, अभय. औषधदान म्हणजे दवाखान्याला पैसे, एवढंच मी धरून चालले होते. अभयदान तर फक्त मुक्या जिवांसाठी. गाठ लागलेल्या बाईला बोलायचं भय वाटू नये, हेही त्यात बसत असेल का, हे एखाद्या माताजींना विचारायचं आहे.

आणि गेलेल्याचं नाव उघड्यावर मांडणं आपल्याला नवं नाही. कर्नाटकात सल्लेखना घेतलेल्यांच्या निषिधी शिळा गावोगाव उभ्या आहेत, बाईमाणसांच्यासुद्धा. इथे आमच्या तालुक्यात कुडण्याला जैन मंदिराचे अवशेष आहेत. जांभ्या दगडाच्या त्या भिंतींशी मी दोनदा जाऊन आले. कोणी बांधलं, कोणाच्या आठवणीत, ते सांगणारं तिथे कोणी भेटलं नाही.

हे सगळं मी सासूबाईंना दोन दुपारी सांगितलं, हिऱ्यासकट. हिऱ्याचं त्यांनी परत विचारून घेतलं. मग बराच वेळ भाजी निवडत राहिल्या.

"माझ्या आईला पण तिथेच झालं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही वाताचं म्हणायचो."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे मला पहिल्यांदा कळत होतं. मी त्यांना आईचं नाव विचारलं आणि भाचीला कळवलं. यंदा जानेवारीत तिच्या पाठीवर दोन नावं असतील.