पुस्तकाच्या कोपऱ्यात राहिलेला शोध

आजचा एपिसोड अशा एका शोधावर आहे, जो लावणाऱ्यालाच पेपर लिहिण्याइतका महत्त्वाचा वाटला नव्हता.

रुडॉल्फ पायर्ल्स. जन्म जर्मनीतला, आयुष्य इंग्लंडात. १९५५ साली त्यांचं घन पदार्थांवरचं पुस्तक आलं. त्याचा मजकूर नीट लावताना त्यांच्या लक्षात आलं, की धातूच्या अणूंची एकच सरळ रांग असेल, तर ती समान अंतरावर टिकणारच नाही.

का? अणू जरा सरकले की जाळीवर ताण येतो, त्यात ऊर्जा खर्च होते. पण त्याच सरकण्यामुळे इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी होते. आणि एका मितीत, पुरेशी थंडी असेल तर, इलेक्ट्रॉनचा फायदा जाळीच्या तोट्याला पुरून उरतो. मग अणू ठराविक अंतराने जवळ-लांब होतात, इलेक्ट्रॉनही कुठे दाट, कुठे विरळ. हीच चार्ज डेन्सिटी वेव्ह. त्या रांगेचा धातूपणाच जातो बरं का!

पण निसर्गात खरीखुरी एक मिती असते कुठे? म्हणून पायर्ल्स यांनी पुस्तकात छोटीशी नोंद केली आणि विषय सोडला. आम्ही कोडमध्ये एका ओळीची कमेंट टाकून पुढे जातो ना, अगदी तसंच.

इकडे लिव्हरपूलमध्ये हर्बर्ट फ्रोलिश यांनी १९५४ साली वेगळ्याच आशेने हेच गणित मांडलं. ही लाट अख्खीच्या अख्खी सरकली तर? वीज विनाअडथळा वाहील, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी! १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धांत आला. त्यातही जाळीची कंपनंच होती, पण काम इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचं होतं. फ्रोलिश यांची लाट बाजूला पडली.

मग १९७३ मध्ये फ्रान्समधल्या ओर्से इथे प्लॅटिनमच्या साखळ्या असलेल्या एका क्षारावर एक्स-रे टाकले, आणि तिथे पायर्ल्स यांच्या विकृतीच्या खुणा दिसल्या. पुढच्याच वर्षी विल्सन, डी साल्वो आणि आपल्या बंगळुरूच्या आयआयएससीत शिकलेले सुभाष महाजन यांनी पापुद्र्यांसारख्या थरांच्या धातू-संयुगांत अशा लाटा दाखवल्या.

मला सगळ्यात आवडतो तो १९७६ चा प्रयोग. पदार्थ नायोबियम ट्रायसेलेनाइड. १४५ केल्विनच्या खाली त्याचा रोध वाढतो, म्हणजे लाट तयार झाली. पण मोन्सो आणि सहकाऱ्यांनी विद्युत क्षेत्र वाढवलं, तर तो वाढलेला रोध विरघळायला लागला! लाट सरकत होती.

सतरंजीवरची सुरकुती हाताने पुढे ढकला, सतरंजी जागेवर आणि सुरकुती पुढे. आता सतरंजीला मध्येमध्ये टाचण्या मारा. हळू ढकललं तर सुरकुती अडते, जोर लावला की सुटते. स्फटिकातली अशुद्ध द्रव्यं म्हणजे या टाचण्या. १९७९ मध्ये फ्लेमिंग आणि ग्राइम्स यांनी दाखवलं, की ठराविक क्षेत्राच्या खाली लाट जागची हलत नाही.

म्हणजे लाट सरकते हे फ्रोलिश यांचं बरोबर, पण घासत घासत. सुपरकंडक्टिव्हिटी नाहीच. आणि पायर्ल्स? ते १९९५ पर्यंत होते. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं, आणि तेव्हा आपण पेपर का लिहिला नाही, हेही त्यांनी नंतर स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलं.