‘मूकनायक’ची जाहिरात आणि यंत्राचं उत्तर : वाचकाच्या वाटेवर कोण बसलं आहे?

पुण्यातला माझा एक कार्यकर्ता मित्र फुले-आंबेडकरी इतिहासाचं संकेतस्थळ स्वखर्चाने चालवतो. दिवसा नोकरी, रात्री जेवणं उरकली की जुने अंक टाइप करायचे, तारखा तपासायच्या, लेख टाकायचा. डोमेन आणि सर्व्हरचे पैसे दरवर्षी खिशातून. पूर्वी १४ एप्रिल, ६ डिसेंबर जवळ आला की गूगलवर शोधत पोरं त्याच्याकडे यायची. आता ती वाट ओस पडत चालली आहे. २०२४ पासून गूगलने भारतात शोधाच्या निकालांवर एआयने तयार केलेला सारांश द्यायला सुरुवात केली. उत्तर वरच मिळतं, मूळ लेख उघडायची गरज वाटत नाही. कष्ट एकाचे, उत्तर दुसऱ्याच्या दारात!

यंत्र नवं आहे, पण वाचकाच्या वाटेवर दुसऱ्याचं दार असणं आपल्याला नवं नाही.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी याच पुण्यात ‘दीनबंधू’ काढलं, कारण प्रस्थापित पत्रांत सत्यशोधकांना जागा नव्हती. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातूनच ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केलं आणि मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध लेखणी उचलली.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघालं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. जाहिरातीसाठी पुण्याच्या ‘केसरी’कडे विचारणा झाली, पैसे मोजायचीही तयारी होती. तरी नकार मिळाला. टिळक तेव्हा हयात होते. पत्र निघाल्याची बातमीच वाचकापर्यंत जाऊ द्यायची नाही, ही त्या काळची दारबंदी.

महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढलं. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने लिहावे लागत. तरी १९२९ मध्ये पत्र बंद पडलं. इथे ‘केसरी’ला दोष देऊन सुटका नाही. पैशाची चणचण होती आणि वाचकांकडून पुरेसं बळ मिळालं नाही, हे बाबासाहेबांनी स्वतःच मांडलं होतं. तरी ते थांबले नाहीत. १९३० मध्ये ‘जनता’ आलं आणि १९५६ मध्ये त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं. दुसरीकडे मुकुंदराव पाटलांनी तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ १९१० पासून १९६७ पर्यंत चालवून दाखवलं.

कुणी म्हणेल, ज्ञान लोकांपर्यंत पोहोचलं ना, मग ते कुणाच्या दारातून गेलं याला काय महत्त्व? महत्त्व आहे. मी अशाच एका यंत्राला विचारलं, दलित पत्रकारिता कुणी सुरू केली? उत्तर आलं, ‘मूकनायक’. बस्स. शिवराम जानबा नाहीत, ‘सोमवंशीय मित्र’ नाही. बाबासाहेबांच्या आधी बारा वर्षं पुण्यात झालेलं काम दोन ओळींच्या सारांशात गडप. ‘केसरी’ने आपल्याला आत घेतलं नाही. हे यंत्र आपलं लिखाण आत घेतं आणि लिहिणाऱ्याला बाहेर ठेवतं. शिवाय जुने अंक धुंडाळणारे हात थकून थांबले, तर उद्या यंत्र तरी शिकणार कशावरून? जे नेटवर भरपूर आहे तेच ते पुन्हा सांगत राहील, आणि तिथे आपलं किती आहे हे आपण जाणतोच.

म्हणून मित्रांनो, तीन गोष्टी करा. एक, आपल्या लेखकांकडे थेट जा. पत्ता जतन करून ठेवा, शोधयंत्राची वाट पाहू नका. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर फिरवताना लेखकाचं नाव आणि दुवा कापू नका. नाव कापून लेख पुढे ढकलणारे आपल्यातही कमी नाहीत. तीन, वर्गणी द्या. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, मग लिहिणाऱ्याच्या सर्व्हरला का निघू नये?

‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी बंद पडलं, तेव्हा आपला समाज पोटाला महाग होता. आज ती सबब आपल्याकडे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!