काशाच्या खडकापाशी

मुंबईच्या दर्यात आजवर बुडालेल्या नौकांपैकी जिचा घाव गिरगाव, लालबाग आणि परळ येथील चाळींना सर्वाधिक खोल लागला, ती आगबोट म्हणजे 'रामदास'. स्वदेशीच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या आणि लोकांनी 'माझी आगबोट कंपनी' म्हणून आपलीशी केलेल्या कंपनीची १९३६ साली बांधलेली ही बोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली, तेव्हा तीत गटारी अमावास्येसाठी कुलाबा जिल्ह्यातील आपापल्या गावी निघालेले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. काशाच्या खडकाजवळ उसळत्या पावसाळी समुद्राने बोटीला तडाखा दिला, भयभीत उतारू एका अंगाला लोटले, तोल सुटला, आणि अवघ्या काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसांना जलसमाधी मिळाली. जे थोडे वाचले, त्यांतील बहुतेकांना रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. शहराला मात्र या अनर्थाची वार्ता कित्येक तास लागली नाही.

या दुर्घटनेच्या चारच वर्षे आधी, १९४३ मध्ये, कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच गृहस्थांनी दाबयुक्त हवेची नळकांडी पाठीवर घेऊन पाण्याखाली मुक्त संचार करण्याचे साधन सिद्ध केले होते. पुढे त्याच साधनाच्या बळावर तांबड्या समुद्रातील 'थिसलगॉर्म' या १९४१ मध्ये बुडालेल्या ब्रिटिश जहाजाच्या कोठारांत पाणबुडे शिरले आणि तेथील मोटारसायकली जगाच्या दृष्टीस पडल्या. तांबड्या समुद्राला मोठी नदी मिळत नाही, म्हणून तेथील पाणी आरशासारखे नितळ. रेवसपाशी मात्र धरमतरची खाडी दर्यात रिती होते, आणि पलीकडून ठाणे-पनवेलचा गाळ भरती-ओहोटीबरोबर सतत हिंदकळत असतो. अशा पाण्यात बुडी मारणाऱ्यास स्वतःचा पंजाही धड दिसणे दुरापास्त.

परंतु हा गाळ केवळ वैरीच आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. उष्ण, खाऱ्या समुद्रात लाकूड पोखरणारे जीव इतके प्रबळ असतात की उघड्यावर पडलेले लाकडी जहाज थोड्याच वर्षांत नाहीसे होते. स्वीडनचे 'वासा' हे १६२८ मध्ये बुडालेले जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आले, याचे एक मोठे कारण म्हणजे बाल्टिकच्या अल्पक्षार पाण्यात या जीवांचा अंमल चालत नाही. आपल्याकडे ते रक्षण केवळ गाळच करू शकतो, कारण त्याच्या थराखाली प्राणवायू पोहोचत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोटाने उद्ध्वस्त झालेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावरील सोन्याच्या विटा गोदीतला गाळ उपसताना पुढे अनेक वर्षांनीही हाती लागल्या, हा गाळ वस्तू पोटात झाकून ठेवतो याचा मुंबईतलाच दाखला.

बुडालेल्या जहाजाकडे दफ्तर म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या किनाऱ्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने रुजवली. डॉ. शिकारीपूर रंगनाथ राव यांनी तेथे सागरी पुरातत्त्वाची जी शाखा उभारली, तिच्या पाणबुड्यांनी सुंची खडकावरील सतराव्या शतकातील पोर्तुगीज अवशेषांतून तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी हुडकली. कोणत्या बंदरातून कोणता माल निघाला होता याचा उलगडा त्या वस्तूंच्या अभ्यासातून होत गेला. एवढी आस्था आपल्या आगबोटींच्या वाट्याला यावी, असे मला मनापासून वाटते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांच्या वस्तूस संरक्षण मिळते, म्हणजे 'रामदास'ला ते २०३६ साली मिळेल. आणि त्याच कंपनीच्या, ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात गेलेल्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी बुडाल्याची शताब्दी तर उंबरठ्यावरच आहे. गंजणारे लोखंड कायद्याच्या मुदतीसाठी थांबत नाही. गढूळ पाण्यात डोळा चालत नसला तरी ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाची मोजणी होऊ शकते, आणि आपली जाळी कोठे अडकतात हे रेवसच्या तांडेलांना ठाऊक असते. ही माहिती प्रथम नोंदवून घ्यावी. पाणबुड्यांनी उतरायचे ते त्यानंतर, आणि तेही काही वर काढण्यासाठी नव्हे, कारण ते शेकडो कुटुंबांच्या आप्तांचे अंतिम स्थान आहे.