घातांकांचे सरळरूप : गृहपाठातील साहाय्य (छत्रपती संभाजीनगर)

घातांकांच्या नियमांनी राशी कमीत कमी पदांत मांडणे म्हणजे सरळरूप देणे. राज्य मंडळाच्या शाळांत हा विषय इयत्ता ७ वीच्या ‘घातांक’ प्रकरणात सुरू होतो. ८ वीच्या ‘घातांक व घनमूळ’मध्ये परिमेय घातांक येतात, ९ वीत करणी. सरावसंचांतील उदाहरणे बहुधा घरी सोडवायची असतात.

परंपरा : जुन्या भारतीय बीजगणितात घातांच्या नावांतच नियम गोवलेले आहेत. ‘वर्गघनघात’ म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार, पाचवा घात. येथे २ व ३ यांची बेरीज होते. ‘घनवर्ग’ म्हणजे घनाचा वर्ग, सहावा घात. येथे त्यांचा गुणाकार होतो. पायाच्या वर उजवीकडे लहान अंक लिहिण्याची आजची पद्धत देकार्तच्या १६३७ मधील भूमितीवरील ग्रंथामुळे रूढ झाली.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात गणिताच्या अध्यापनासाठी राजाश्रय मिळाल्याचा ठळक पुरावा म्हणजे पाटण (ता. चाळीसगाव) येथील १२०७ चा शिलालेख. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव हा गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ स्थापला. यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. बाजारातील मालावरील कराचे उत्पन्नही मठाकडे वळवले होते. लेख संस्कृतात असून शेवटचा भाग मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. ‘बीजगणित’ हा ‘सिद्धान्तशिरोमणी’चाच भाग मानला जातो. भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड नेमके कोणते, याविषयी मतभेद आहेत.

नेहमीच्या चुका : (१) पाया २, घातांक ३ व ४ असता गुणाकारात घातांक ७ होतो, मुले १२ लिहितात किंवा पाया ४ करतात. (२) त्याच राशींच्या बेरजेला हा नियम लावतात. ८ व १६ यांची बेरीज २४, सातवा घात १२८. (३) २ चा घातांक −३ म्हणजे एक अष्टमांश. मुले −८ लिहितात. (४) कंसातील −२ चा चौथा घात १६ आहे; कंस नसेल तर −१६.

साहाय्याची रीत : नियम विसरला की राशी विस्तारून लिहायला लावावी. तीन वेळा २ आणि पुढे चार वेळा २ मांडून मोजले की बेरजेचा नियम मुलाच्या हाती येतो. शून्य घातांकासाठी ८, ४, २ असे निम्मे करत १ पर्यंत उतरावे. पुढची पायरी, अर्धा, ऋण घातांकाची. केवळ उत्तर सांगितल्याने पुढचे उदाहरण सुटत नाही. घरातल्या मोठ्यांनी यासाठी दहा मिनिटे अवश्य द्यावीत.

साधने : बालभारतीची (स्थापना १९६७) पाठ्यपुस्तके, त्यांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ; औरंगपुऱ्यातील दुकानांत गाईड.

शिकवण्या : खासगी, मुख्यतः ९ वी–१० वीसाठी.