एका मेंडोलिनची पाठचिकित्सा

जुन्या पोथ्या शोधत गावोगाव हिंडलेल्या संशोधकांच्या कथा आम्ही वर्गात नेहमी सांगतो. त्या कथांत एक प्रसंग हमखास असतो: माळ्यावरचे धूळभरले गाठोडे, घरातल्या माणसांची त्याविषयीची उदासीनता, आणि गाठ सोडल्यावर आत निघालेली पानांची चळत. २०१८ च्या मे महिन्यात लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत, आमच्याही वाट्याला असा प्रसंग आला. गाठोड्यात पोथी मात्र नव्हती, मेंडोलिन होते.

आम्ही म्हणजे दोघे. एक नांदेडला मराठी शिकवतो, दुसरा लातूरला. संगीताचे रीतसर शिक्षण दोघांचेही नाही. शाळकरी वयात गणेशोत्सवातल्या 'ऑर्केस्ट्रा'त रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात बसलेला, कधीही कोणी नाव न पुकारलेला मेंडोलिनवादक दोघांनीही आपापल्या गावी पाहिला होता, एवढीच काय ती पूर्वपीठिका. नवे मेंडोलिन मुंबईत कोणत्याही दिवशी मिळते. आम्हाला हवे होते ते मराठवाड्यात वाजलेले. नऊ वर्षे आम्ही त्याच्या मागे होतो. बँडवाले, भजनी मंडळे, पेट्या दुरुस्त करणारे, लग्नाच्या मांडवाचे कंत्राटदार असे सगळे झाले. 'होतं, पण मोडीत गेलं' हे उत्तर इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे प्रश्न विचारतानाच आवाज खाली येई.

या हट्टामागे एक प्रश्न होता. मराठवाड्याच्या संगीताचा जो काही इतिहास लिहिला गेला, त्यात रागसंगीताला जागा आहे. नांदेडचे अण्णासाहेब गुंजकर, त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर ही परंपरा आपल्याला ठाऊक आहे. कीर्तन-भजनाची परंपरा ठाऊक आहे. नांदेडला १७०८ पासून गुरू गोविंदसिंगांच्या स्मृतीशी बांधलेले शबद-कीर्तन आहे. पण चित्रपटगीते वाजवणारा, लग्नात आणि मेळ्यात पोट भरणारा वादक या इतिहासात कोठेच नाही. त्याचे घराणे नसते, त्यामुळे त्याची वंशावळ कोणी लिहीत नाही. त्याचे वाद्य तरी सापडावे, असे आम्हाला वाटत होते.

वाद्य मुळात इटलीचे. अठराव्या शतकाच्या मध्यात नेपल्समध्ये विनाच्चिया घराण्यातील कारागिरांनी त्याला आजचे रूप दिले: तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा, आणि व्हायोलिनप्रमाणेच एकेका पंचमाच्या अंतराने मेळ. विवाल्दीने त्यासाठी रचना केली. नेपल्सच्या वाद्याची पाठ भोपळ्यासारखी फुगीर असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सनने ती चपटी केली, आणि पुढे भारतात जी मेंडोलिने बनली ती बहुतेक याच चपट्या जातीची. तारेवर एकदा आघात केला की मेंडोलिनचा नाद चटकन विझतो. तो टिकवण्यासाठी नखी झरझर वरखाली फिरवावी लागते. ऐकणाऱ्याला जो थरथरता, हळवा स्वर वाटतो, तो वाद्याच्या एका उणिवेतून जन्मलेला आहे.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत पाश्चात्त्य वाद्ये रुळली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांमुळे. चर्चच्या शाळांत त्यांनी स्वरलेखन वाचायला शिकले होते, आणि चित्रपटसंगीताला नेमके असे वादक हवे होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावे. मेंडोलिनची कथा मात्र दुसऱ्या दोघांभोवती फिरते. सीतामऊचे सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी या वाद्यावर रागसंगीत वाजवून दाखवले. खिळलेल्या पडद्यांच्या वाद्यावर मींड घेणे ही गोष्ट ऐकल्याखेरीज पटत नाही. दुसरे आपले लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८). वडील लवकर गेल्यावर या मुलाने मेंडोलिनवर घर सावरले आणि पुढे प्यारेलाल यांच्या जोडीने तो संगीतकार झाला. सज्जाद यांचा 'रुस्तम सोहराब' आणि लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचा 'पारसमणी' एकाच वर्षी, १९६३ मध्ये, आले. सज्जाद यांच्या कारकिर्दीतला तो शेवटचा लक्षणीय चित्रपट, दुसऱ्यांचा पहिला. दोन मेंडोलिनवादकांच्या वाटा अशा एका वर्षात एकमेकींना छेदून गेल्या, याची दखल चित्रपटसंगीतावरच्या मराठी लेखनात फारशी घेतलेली आम्हाला दिसली नाही.

हा स्वर लातूर-नांदेडला पोहोचला तो रेडिओवरून, आणि तोही काहीसा चोरवाटेने. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांची गळचेपी झाली. हार्मोनियमला तर १९४० पासूनच तेथे बंदी होती. ती १९७१ मध्ये सैल झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, 'बिनाका गीतमाला' घरोघर गेली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकरांची संगीताविषयीची तळमळ खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण कोणता स्वर शुद्ध आणि कोणता भ्रष्ट हे दिल्लीत बसून ठरवता येते, हा समज साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचयाचा वाटेल. प्रमाणभाषेच्या नावाखाली आमच्या भागातल्या मुलांच्या निबंधांवर जी लाल रेघ ओढली जाते, ती याच समजातून.

तर, गंजगोलाईमागचे ते घर. घरच्या बाई म्हणाल्या, "वाजतंय कुटं आता ते, सर. न्यायचं तर न्या." वाद्य त्यांच्या सासऱ्यांचे. सासरे निजामाच्या काळात महसूल कचेरीत कारकून होते. पुढे ते त्यांच्या यजमानांकडे आले. यजमान एका बँडबरोबर लग्नसराईत वाजवीत. दोघेही आता नाहीत. बाईंनी किंमत सांगितली नाही, आम्हीच तीन हजार ठरवली, आणि त्यांना ती जास्त वाटली.

वाद्याची अवस्था वाईट होती. आठ तारांचा मिळून ताण सुमारे ७०–८० किलो भरतो. तो पेलणाऱ्या तबलीच्या आतल्या पट्ट्या सुटल्याने तबली घोडीखाली खचली होती. मेंडोलिनची घोडी चिकटवायची नसते. तारांच्या दाबानेच ती जागी राहते आणि स्वर जुळवण्यासाठी ती सरकवता यावी लागते. कोणीतरी ती पांढऱ्या कृत्रिम सरसाने पक्की डकवली होती, आणि तीही चुकीच्या जागी. आतल्या छापील चिठ्ठीवर 'कलकत्ता' हा शब्द तेवढा शाबूत. आठांपैकी तीन चाव्या गंजून जाम झालेल्या.

पट्टीच्या कडेला, पडद्यांच्या मधल्या जागांत, नखाएवढे मळके कागद चिकटवलेले होते. त्यांवर देवनागरीत अक्षरांच्या जोड्या: दुसऱ्या घरात 'रे-ध', चौथ्यात 'ग-नि', पाचव्यात 'म-सा'. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या जोडीची मोकळी तार षड्ज धरली, तर तिसरी आपोआप पंचम होते, कारण मेळच पंचमाचा आहे. मग एकाच घरात एका तारेवर रिषभ आणि शेजारच्या तारेवर धैवत. नेपल्सच्या कारागिरांनी योजलेला मेळ आणि आपला षड्ज-पंचम भाव यांची ही गाठ कोणा गुरूने दाखवलेली नसावी. ज्याला दाखवणारा गुरू असतो, तो कागद चिकटवीत नाही. आपल्यापुरती शोधून काढलेली ही बाराखडी होती.

आम्ही वाद्य आधी नांदेडला आणले, आणि येथे आमच्या हातून चूक झाली. मळ काढायला ओले फडके फिरवले, तेव्हा सातव्या घरातला 'प-रे'चा कागद निघून फडक्याला लागला. त्याच्या खाली आणखी एक कागद होता. त्यावर उर्दू लिपीत, बोरूने लिहावे तशा जाड-बारीक रेषांत, तीच दोन नावे: पे-अलिफ, रे-ये.

म्हणजे हस्ताक्षरे दोन, थर दोन. वडिलांनी आपल्या लिपीत लिहिले, मुलाने त्यावर आपल्या लिपीत. हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. घरात मराठी बोलणारा कारकून टिपण काढताना सहज उर्दूत काढी. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुढच्या पिढीची पाटी देवनागरीची झाली. या स्थित्यंतरावर मराठवाड्यात पुष्कळ लिहिले गेले आहे, बहुतेक लढ्याच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. पण एका घरात, एका वाद्यावर, बापाची लिपी मुलाला वाचता येईनाशी झाली आणि त्याने ती न खरवडता तिच्यावर आपला कागद डकवला, ही नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

दुरुस्तीला मिरजेशिवाय पर्याय नव्हता. शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तेथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लातूरहून मिरजेला जाणारा लोहमार्ग हा जुना बार्शी लाइट रेल्वेचा. अरुंद रुळांची ही गाडी १९११ मध्ये लातूरला आली आणि १९२७ मध्ये पंढरपुराहून मिरजेला पोहोचली. आता तो मार्ग रुंद झाला आहे. तंबोऱ्याचे भोपळेही याच वाटेवर, पंढरपूरच्या आसपास पिकतात.

मिरजेच्या कारागिरांनी वाद्य उलटेसुलटे पाहून सांगितले: तबली उचलता येईल, पट्ट्या सरसाने नव्याने बसवता येतील, घोडी सुटेल पण डाग राहील. अडचण पडद्यांची होती. "सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवा, बदला. ह्याचे खिळलेले." पडद्यांना तारांनी खोल खाचा पडल्या होत्या आणि पट्टी वाकली होती. रीतसर काम करायचे तर पडदे उपटायचे, पट्टी रंध्याने सपाट करायची आणि नवे पडदे ठोकायचे. रंधा फिरला की कागद गेले.

येथे आमच्यात मतभेद झाला, आणि तो सहा महिने चालला. लातूरकराचे म्हणणे, वाद्य हे वाजण्यासाठी असते. न वाजणारे मेंडोलिन म्हणजे लाकूड, आणि कागदांची छायाचित्रे काढून ठेवता येतात. नांदेडकराचे म्हणणे, नवे मेंडोलिन बाजारात मिळते, हे कागद मिळत नाहीत. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तो दाखला दोघांनीही दिला. गंमत म्हणजे विरुद्ध बाजूंनी. एकाला त्यात लोकांच्या ओठी पुन्हा नीट बसलेला ग्रंथ दिसत होता. दुसऱ्याला १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळीच प्रत छापणारे राजवाडे आठवत होते. यापुढे यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत, असा कडक इशारा एकनाथांनी देऊन ठेवला आहे. पण त्यांनी स्वतः काय काढले, हे आपल्याला आज ओवी-ओवीने सांगता येत नाही. बोलता बोलता आम्ही दोघेही थबकलो ते या मुद्द्यावर.

वाट अखेर कारागिरांनीच काढली. पडदे न उपटता, आहेत तेच जपून घासून एका पातळीत आणायचे, घोडी किंचित उंच ठेवायची, आणि वरच्या घरांत जे खरखरेल ते सोसायचे. कागदांवर रंधा नाही, पॉलिशही नाही. तीन चाव्या नव्या घातल्या आणि त्या मुद्दाम जुन्या दिसतील अशा केल्या नाहीत. तबली वर आली. घोडी मोकळी झाली, आणि शून्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच बारावा पडदा ते घोडी, असे मापून बसवली. काय काढले, काय घातले, कोणत्या तारखेला, हे एका चिठ्ठीवर लिहून आम्ही वाद्याच्या पेटीत ठेवले आहे. फडक्याला लागून फाटलेला 'प-रे'चा कागद त्याच चिठ्ठीला जोडला आहे. सातव्या घरात आता उर्दू उघडी आहे. बाकी घरांत ती देवनागरीखाली झाकलेली आहे आणि तशीच राहणार आहे.

वाद्य सहा महिने नांदेडला असते, सहा महिने लातूरला. गेल्या पावसाळ्यात ते घेऊन आम्ही त्या बाईंकडे गेलो. त्यांनी ते मांडीवर घेतले नाही, नुसते पाहिले. मग सातव्या घरावर बोट ठेवून विचारले, "हितलं आमच्या ह्यांचं कुटं गेलं?"

आम्ही पेटीतली चिठ्ठी काढून दाखवली.